पॅसाडिनाचा बंगला

‘त्यांनी बंगला बांधला’ असे आपल्याकडे म्हटले, की ऐपतीविषयी आणखी काही सांगावे लागत नाही. शब्दाचे मूळ मात्र साधे आहे. बंगालच्या धाटणीचे, उतरत्या छपराचे बैठे घर म्हणजे बंगला. इंग्रजांनी ते उचलले, भोवती व्हरांडा फिरवला आणि छावणीछावणीतून उभे केले. बेळगावच्या कॅम्पात ज्यांचे जाणे-येणे आहे त्यांना या घरांची ओळख करून द्यायला नको. विसाव्या शतकाच्या आरंभी हा शब्द कॅलिफोर्नियात स्थिरावला तो मात्र मध्यमवर्गाच्या स्वस्त, आटोपशीर घराचे नाव म्हणून. म्हणूनच पॅसाडिना या लॉस एंजेलिसच्या उपनगरातील गॅम्बल घराला अभ्यासक ‘बंगल्याची परमावधी’ मानतात तेव्हा मला थोडे हसू येते. साबणाच्या प्रसिद्ध कारखानदारीतल्या डेव्हिड गॅम्बल यांचे हे घर चांगले दुमजली, वर आणखी माडी असलेले आहे. स्वस्त तर ते मुळीच नव्हते.

तरीही बंगल्याचा धर्म त्याने सोडलेला नाही, असे त्याचे आराखडे आणि छायाचित्रे पुन्हा पुन्हा पाहून माझे मत झाले आहे. चार्ल्स आणि हेन्री ग्रीन या भावांनी ते १९०८-०९ मध्ये बांधले. मुलगे शाळकरी असतानाच वडिलांनी त्यांना सेंट लुईसच्या हस्तकौशल्याच्या शाळेत घातले होते. लाकूड आधी हाताला कळले, वास्तुशास्त्र मागाहून आले. १८९३ साली पॅसाडिनाकडे निघाले असता शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांनी जपानी मंडप पाहिला, आणि तो त्यांच्या मनातून कधी गेला नाही. गॅम्बल घराच्या रुंद वळचणी, बाहेर झेपावणारे वासे आणि निजण्यासाठी वरच्या मजल्यावर काढलेल्या मोकळ्या ओसऱ्या पाहिल्या की घर आत कुठे संपते आणि बाग कुठे सुरू होते हे चटकन सांगता येत नाही. आपल्या पडवीचा गुण नेमका हाच.

प्रवेशाच्या दालनात सागवान आहे, आणि तेही ब्रह्मदेशाचे. साम्राज्याने जंगलातून काढलेले लाकूड समुद्र ओलांडून तिथे पोहोचले. शब्द बंगालचा, लाकूड ब्रह्मदेशाचे, नजर जपानची, आणि घर मात्र अस्सल अमेरिकन म्हणून नावाजलेले! दाराच्या रंगीत काचांतला पसरलेला ओक वृक्ष एमिल लँगे यांच्या कारखान्यातला. सुतारकाम पीटर आणि जॉन हॉल या स्वीडनमध्ये जन्मलेल्या भावांचे. ग्रीन बंधूंच्या कीर्तीत या हॉल बंधूंचा वाटा निम्मा तरी धरावा.

दोष नाहीत असे नाही. मोठ्या वळचणींमुळे आत उजेड बेताचाच. फर्निचरवरच्या अबनुसाच्या काळ्या चौकोनी खुंट्या पाहून रसिक ‘सांध्याचा प्रामाणिकपणा’ वाखाणतात. पण यांतल्या पुष्कळ खुंट्यांखाली स्क्रू झाकलेले असतात. मला ही लबाडी वाटत नाही. दागिन्याचा फासा झाकावा तसेच ते आहे. पण मग त्याला प्रामाणिकपणा तरी म्हणू नये. छपराबाहेर काढलेल्या वाशांच्या टोकांविषयी मात्र माझी खरी तक्रार आहे. लाकडाचे तोंड पावसात उघडे टाकू नये, हे आपल्याकडचा कोणताही सुतार सांगेल. ती टोके कुजलीच, आणि २००३-०४ मध्ये त्यांच्यावर मोठे जतनकाम करावे लागले.

दुसऱ्या महायुद्धानंतर वारसांच्या मनात घर विकायचे होते. एका गिऱ्हाइकाने आतले सारे लाकूड पांढरे रंगवण्याची गोष्ट काढली आणि तो विचार तिथेच बारगळला, असे सांगतात. १९६६ मध्ये कुटुंबाने घर पॅसाडिना शहराला दिले. करारात दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठही होते. वास्तुशास्त्राचे दोन विद्यार्थी वर्षभर तिथे राहायला ठेवण्याची प्रथाही पडली, म्हणजे घरात माणसांचा वावर राहिला. १९७७ मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला.

याच भावांनी १९०७ साली आखलेल्या, याच गावातल्या ब्लॅकर घराच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. १९८५ मध्ये ते विकले गेले आणि नव्या मालकाने आतले दिवे व रंगीत काचा काढून नेल्या. वेगवेगळ्या विकल्या तर त्यांची किंमत घराला भारी पडणार होती. जुन्या वाड्यांचे कोरीव खांब आणि गणेशपट्टीची दारे ट्रकमध्ये चढताना आपणही पाहिली आहेत. तिथेही हिशेब हाच असतो. फरक एवढाच, की पॅसाडिना शहराने त्याच वर्षी अशी उचलाउचल रोखणारा नियम केला. भिंती आणि छप्पर जपले म्हणजे घर जपले, या समजुतीला त्याने छेद दिला. ब्लॅकर घराला मात्र त्याचा उपयोग नव्हता. पुढे आलेल्या मालकांनी तसेच दिवे कारागिराकडून नव्याने घडवून घेतले. मूळचे तोवर संग्रहालयांत आणि संग्राहकांच्या दिवाणखान्यांत विखुरले होते.