शर्यतीपलीकडचे अंटार्क्टिका

अंटार्क्टिका म्हटले की आपल्या वर्गांत दोन गोष्टी हटकून येतात. एक, ॲमंडसन आणि स्कॉट यांची दक्षिण ध्रुवाकडची शर्यत. दुसरी, भिंतीवरच्या नकाशात तळाशी दिसणारी पांढरी पट्टी. मुलांची पुस्तके, प्रश्नमंजूषा, शाळेतली भाषणे, सगळीकडे हीच मांडणी वर्षानुवर्षे चालत आली आहे. ती खोटी नाही. पण विज्ञानाचा धडा म्हणून अपुरी आहे. तिचे गुणदोष जरा तपासून पाहू.

आधी गुण. शर्यतीची गोष्ट मुलांना खिळवून ठेवते. ॲमंडसन आपल्या चार साथीदारांसह १४ डिसेंबर १९११ रोजी ध्रुवावर पोचला, तो कुत्र्यांच्या घसरगाड्या आणि वाटेवर आधीच करून ठेवलेले अन्नसाठे यांच्या बळावर. स्कॉटची तुकडी १७ जानेवारी १९१२ रोजी पोचली आणि परतीच्या वाटेवर पाचही जण मरण पावले. पूर्वतयारीचे महत्त्व पटवायला याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

आता उणीव. गोष्ट इथेच थांबते. १२ नोव्हेंबर १९१२ रोजी शोधपथकाला स्कॉटचा तंबू सापडला, तेव्हा तिथे सुमारे सोळा किलो दगडही होते. अन्न संपत आले, पाय गोठले, तरी त्या माणसांनी हे दगड टाकून दिले नव्हते. का? त्यांत ग्लॉसोप्टेरिस या नामशेष वनस्पतीच्या पानांचे ठसे होते. ए. सी. सेवर्ड यांनी १९१४ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जिथे आज गवताचे पातेही दुर्मीळ, तिथे एके काळी झाडी होती! हीच वनस्पती आपल्या चंद्रपूरकडच्या, वर्धा खोऱ्यातल्या दगडी कोळशाच्या थरांसोबत सापडते. ही दोन्ही ठिकाणे एकाच अखंड भूभागात होती, त्याची ही साक्ष. त्या भूभागाचे ‘गोंडवन’ हे नावही आपल्याकडच्या गोंडांच्या प्रदेशावरून पडले. शर्यत कोण हरले हे मुलांना पाठ असते. त्या हरलेल्यांनी काय आणले हे मात्र त्यांना कोणी सांगत नाही.

दुसरी उणीव कालक्रमाची. शर्यतीच्या आधी जणू काही घडलेच नव्हते! वास्तविक दक्षिणेला मोठे खंड असावे ही कल्पना प्राचीन ग्रीकांपासूनची. उत्तरेच्या जमिनीला तोल हवा, एवढाच तिचा आधार होता. जेम्स कुकने १७ जानेवारी १७७३ रोजी अंटार्क्टिक वृत्त ओलांडले, पुढच्या वर्षी ७१ अंशांपर्यंत मजल मारली, पण खंड काही त्याला दिसले नाही. तरीही त्याची सफर वाया गेली नाही. जमीन असलीच तर ती बर्फापलीकडे आहे आणि समशीतोष्ण, सुपीक तर नाहीच, एवढे त्यातून ठरले. कल्पना खोडून काढणे हेही संशोधनच. प्रत्यक्ष किनारा दिसला तो १८२० साली, बेलिंग्सहाउझेन आणि ब्रॅन्सफील्ड यांच्या सफरींत.

यापुढचे पान तर थेट मुंबईचे आहे. जेम्स रॉस १८३९ ते १८४३ या काळात दक्षिणेकडे गेला तो झेंडा रोवायला नव्हे, तर पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या मोजमापासाठी. एका जहाजाच्या नोंदी पुरेशा नव्हत्या. जगभर ठिकठिकाणी एकाच वेळी वाचने घेणे आवश्यक होते. त्याच आंतरराष्ट्रीय प्रयत्नात कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ साली चुंबकीय नोंदी सुरू झाल्या. रॉसचे जहाज बर्फ फोडून आज त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या समुद्रात शिरले, तेही १८४१ सालीच. पुढे मुंबईच्या ट्रामगाड्या विजेवर चालणार असे ठरले. विजेच्या प्रवाहाने चुंबकीय वाचने बिघडतात, म्हणून १९०४ साली हे काम अलिबागला हलवण्यात आले. आज पनवेलला मुख्यालय असलेली भारतीय भूचुंबकत्व संस्था ही त्या परंपरेची वारसदार. तिचे शास्त्रज्ञ अंटार्क्टिकावरच्या आपल्या ‘मैत्री’ केंद्रावर निरीक्षणे घेतात. नायगाव-परळच्या शाळेतल्या मुलाला अंटार्क्टिका हे दुसऱ्या कोणाचे तरी खंड वाटते. त्या खंडाच्या शोधाचे एक टोक बसने जाण्याच्या अंतरावर होते, हे त्याला कळायला नको काय?

नकाशाचा दोष याहून सरळ आहे. गोल पृष्ठ आयतात बसवताना ध्रुवाच्या बिंदूची आडवी रेघ होते. मर्केटरच्या नकाशात तर ध्रुव दाखवताच येत नाही. परिणामी, सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटरचे, भारताच्या चौपटीहून मोठे, साधारण वाटोळे खंड मुलांच्या डोक्यात पट्टी होऊन बसते.

तिसरा दोष आपण स्वतः वाढवलेला. भारताची पहिली मोहीम डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली. त्यानंतर प्रश्नमंजूषेत भर पडली ती ‘पहिला कोण, पहिली कोण’ याची. म्हणजे तीच शर्यत, फक्त देशी पोशाखात! नागपुरात जन्मलेल्या आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम केलेल्या डॉ. अदिती पंत तिसऱ्या मोहिमेत, १९८३-८४ साली, गेल्या. सोबत भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता होत्या. त्या पहिल्या भारतीय महिला, हे मुले सांगतात. पण पंत यांनी तिथल्या समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींचा आणि अन्नसाखळीचा अभ्यास केला, सेनगुप्तांनी खडकांचा, हे कितीजणांना माहीत असते? त्याच मोहिमेत उभारलेले ‘दक्षिण गंगोत्री’ केंद्र तरंगत्या हिमस्तरावर होते. ते हळूहळू बर्फाखाली गाडले गेले. पुढचे ‘मैत्री’ खडकाळ जागी बांधले. ‘का?’ हा प्रश्न कोणत्याही विक्रमापेक्षा अधिक शिकवतो.

विज्ञानाला मोठे यश अनेकदा धावून नव्हे, तर तळ ठोकून बसल्याने मिळते. ओझोनच्या थराला पडलेले भगदाड १९८५ साली जाहीर झाले. ते कळले ते हॅली केंद्रावर १९५० च्या दशकापासून सातत्याने ठेवलेल्या नोंदींमुळे. त्यात शर्यत नव्हती, म्हणून गोष्टही झाली नाही.

मग शिक्षकाने काय करावे? शर्यत जरूर सांगावी, पण तासाच्या पहिल्या दहा मिनिटांत. नंतर पृथ्वीगोल उलटा धरून मुलांना खालून पाहायला लावावे आणि दिसेल त्याचे चित्र काढायला सांगावे. विणकामाची पोलादी सुई दोऱ्याने मधोमध बांधून आडवी तोलावी, दोरा न हलवता लोहचुंबक घासून तिचे चुंबक करावे आणि पुन्हा टांगावी. मुंबईत तिचे उत्तर टोक खाली झुकेल. चुंबकीय ध्रुवावर ती जवळजवळ उभी राहील. एवढ्यावरून रॉस काय शोधत होता ते मुले आपणहून सांगतील. आणि परीक्षेत ‘प्रथम कोण पोचले?’ याऐवजी विचारावे : ‘मरणाच्या दारात असलेल्या माणसांनी सोळा किलो दगड का ओढले?’ या प्रश्नाचे उत्तर लिहिता येणाऱ्या मुलाला अंटार्क्टिका समजले असे मानायला हरकत नाही.