क्रांतिचरित्रांतील शस्त्र : क्रमांक, शिक्का आणि म्यान

मराठीतील क्रांतिकारकांच्या चरित्रपर लेखनाचा विचार करताना एक बाब सातत्याने जाणवते. या लेखनात शस्त्र असते, परंतु त्याला ओळख नसते. एकच हत्यार एका परिच्छेदात पिस्तूल असते, पुढच्या परिच्छेदात रिव्हॉल्वर होते आणि लेखकाला आवेश चढला की त्याचे माउझर बनते. शहापूर-मुरबाडच्या जंगलपट्ट्यातून आमच्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्याला ठासणीची बंदूक आणि बारा बोर यांतील भेद समजावावा लागत नाही. तोच विद्यार्थी उत्तरपत्रिकेत मात्र पिस्तूल आणि रिव्हॉल्वर हे शब्द समानार्थी म्हणून लिहितो, कारण आपली पुस्तकेच तसे लिहितात.

हा केवळ शब्दांचा घोळ नव्हे. रिव्हॉल्वरमध्ये काडतुसे फिरत्या चक्रात असतात आणि गोळी सुटल्यावर रिकामी टोपणे त्या चक्रातच राहतात. स्वयंचलित पिस्तूल प्रत्येक बारानंतर रिकामे टोपण बाहेर फेकते, म्हणजे घटनास्थळी पुरावा सोडून जाते. ज्याने हा भेद पाळला नाही, त्याला पंचनामा वाचता येत नाही. आणि पंचनामा वाचता न येणाऱ्याने लिहिलेले चरित्र गौरवगीताच्या पुढे क्वचितच जाते.

नाशिक प्रकरण या दृष्टीने पाहावे. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या प्रसंगी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी आपल्याच जिल्ह्यातील ठाणे कारागृहात फाशी देण्यात आली. शारदेचा प्रयोग, प्रेक्षागृह, कान्हेरे यांचे कोवळे वय या साऱ्यांची वर्णने आपल्याकडे विपुल आहेत. पण कायद्याच्या दृष्टीने खटल्याचा कणा होते ते ब्राउनिंग पिस्तूल. लंडनहून सावरकरांनी चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर पाठविलेल्या वीस ब्राउनिंग पिस्तुलांशी त्याचा संबंध जोडला गेला, अमीन माफीचे साक्षीदार झाले आणि ३० जानेवारी १९११ रोजी सावरकरांना दुसरी जन्मठेप झाली ती हत्येस साहाय्य केल्याच्या आरोपावरून. एखाद्या वस्तूवर माणसाचे आयुष्य टांगलेले असताना चरित्रकाराने तिला ‘एक पिस्तूल’ म्हणून निकालात काढावे, ही टीकेस पात्र अशी उदासीनता आहे.

माउझरच्या बाबतीत तर हे नाव म्हणजे आपल्या लेखकांचा एक अलंकारच झाला आहे. वस्तुतः माउझर सी ९६ हे जर्मन पिस्तूल ओळखण्यास अत्यंत सोपे. मूठ केरसुणीच्या दांड्यासारखी गोल, काडतुसांची पेटी मुठीत नसून चापाच्या पुढे आणि म्यान चक्क लाकडाचे! हे म्यान पिस्तुलाच्या मुठीला मागून जोडले की तोच बंदुकीचा दस्ता होतो व खांद्याला लावून नेम धरता येतो. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्यातील रॉडा कंपनीच्या मालातून अशी ५० पिस्तुले आणि ४६,००० काडतुसे बंगाली क्रांतिकारकांनी पळविली, तेव्हा रौलट समितीला आपल्या अहवालात या म्यानाच्या दुहेरी उपयोगाची मुद्दाम दखल घ्यावी लागली. शिवाय प्रत्येक पिस्तुलावर कारखान्याचा क्रमांक होता आणि कंपनीच्या दफ्तरी त्याची नोंद होती, त्यामुळे पुढे हाती लागलेले हत्यार याच चोरीतले आहे हे पोलिसांना सिद्ध करता आले. म्हणजे सरकारने जे बारकाईने वाचले, ते आपल्या चरित्रकारांनी वाचलेच नाही.

युरोप-अमेरिकेतील संग्राहकांचा छंद येथे आपल्याला काही शिकवू शकतो. त्यांच्या बाजारू हौसेबद्दल मला विशेष आदर नाही, पण त्यांची वाचनाची शिस्त मात्र अनुकरणीय आहे. १९०८ साली जर्मन भूदलाने स्वीकारलेले ल्यूगर (पी ०८) हाती आले की ते आधी क्रमांक जुळवितात: नळीवरचा, सांगाड्यावरचा, सुट्या भागांवरचा, काडतुसांच्या पेटीवरचा. पहिल्या महायुद्धकाळातील नगावर मुठीच्या पुढील पट्टीवर कधी पलटणीची खूणही सापडते. वाल्थर पी ३८ वर कारखान्याचे नाव लपवून सांकेतिक अक्षरे ठोकलेली असतात. ‘एसी’ म्हणजे वाल्थर, ‘बीवायएफ’ म्हणजे माउझर, ‘सीवायक्यू’ म्हणजे स्प्रीवेर्क. चामडी म्यानाच्या पाठीवर कारागिराचे नाव, वर्ष आणि तपासनिसाचा शिक्का असतो; ल्यूगरच्या म्यानात झाकणाखाली छोट्या अवजाराचा कप्पा आणि कडेला जादा काडतूसपेटीची खोळ असते. पिस्तूल एका वर्षाचे आणि म्यान दुसऱ्याच वर्षाचे निघाले, तर जोडी मूळची की नंतर जमविलेली हा प्रश्न उभा राहतो. हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेत आपण याहून वेगळे काय करतो?

यावर असा आक्षेप येईल की चरित्र म्हणजे शस्त्रसूची नव्हे. तो मान्य आहे. कोल्टचा नमुना ठाऊक असल्याने राजगुरूंचे मन अधिक उलगडते, असे कोणी म्हणणार नाही. परंतु १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरला राजगुरूंच्या पहिल्या गोळीनंतर भगतसिंगांनी साँडर्सवर जे .३२ कोल्ट चालविले, ते पुढे अनेक वर्षे इंदूरच्या सीमा सुरक्षा दलाच्या संग्रहालयात काळ्या रंगाखाली निनावी पडून होते. २०१६ च्या सुमारास रंग खरवडून १६८८९६ हा क्रमांक खटल्याच्या कागदपत्रांशी ताडून पाहिला गेला, तेव्हा ते ओळखले गेले. क्रमांक कागदावर उतरवून ठेवणारा कोणी कारकून लाहोरला होता म्हणून हे घडले. आपल्या चरित्रग्रंथांच्या परिशिष्टांत असा एखादा क्रमांक मी शोधतो तेव्हा बहुधा निराशाच पदरी येते.

१९५९ च्या शस्त्र अधिनियमामुळे आणि २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा दोनवर आल्यामुळे असा संग्रह करणे आपल्याकडे खाजगी व्यक्तीस जवळजवळ अशक्य आहे, आणि त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. परंतु रिकाम्या म्यानाला परवाना लागत नाही. १९४३ ते १९४५ या काळात मराठा पलटणी इटलीत जर्मन सैन्याशी लढल्या. त्या पलटणींतील कोणा सैनिकाच्या घरी जुन्या ट्रंकेत एखादे कातडी म्यान आढळले, तर विद्यार्थ्याने प्रथम ते उलटे करून पाठीवरचा शिक्का उतरवून घ्यावा आणि कोणी, कोठून, केव्हा आणले हे घरातील वडीलधाऱ्यांकडून लिहून घ्यावे. तेल लावून कातडे चकचकीत करण्याचा मोह मात्र टाळावा. तसे करताना शिक्काच बुजतो.