बालक आणि कलासंग्रहालय : राजा दिनकर केळकर संग्रहालयाच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
शालेय सहलीत संग्रहालयाचा समावेश ही रूढ बाब आहे. मात्र लहान मुलाने तेथे नेमके काय पाहावे, याचा विचार क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयाच्या आधारे या प्रश्नाची चिकित्सा केली आहे.

विवेचन :
'अज्ञातवासी' या नावाने काव्यलेखन करणारे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी आपल्या संग्रहालयास बालपणीच निवर्तलेल्या 'राजा' या पुत्राचे नाव दिले. एका बालकाच्या स्मृतीला वाहिलेल्या या संग्रहाचा गाभा राजदरबार नसून घर आहे. दिवे, दौती, वज्र्या, अडकित्ते, वाद्ये अशा नित्य वापरातील वस्तूंत कारागिरांची कलादृष्टी येथे प्रकटते.

सुपारी कातरायच्या अडकित्त्याला पाखराचा आकार कशाला? हा प्रश्न सहा-सात वर्षांच्या मुलाला सहज पडतो. उपयुक्तता आणि सौंदर्य यांचा संबंध काय, हा सौंदर्यशास्त्रातील मूलभूत प्रश्नच तो आपल्या भाषेत विचारत असतो. परंतु रांग पुढे सरकत असते. तासाभरात सर्व दालने 'उरकायची' असतात आणि वहीत पाट्यांवरील मजकूर उतरवायचा असतो. परिणामी, जे मूल खरोखर पाहण्यासाठी थांबते, तेच शिस्तभंग करणारे ठरते.

मुलांची मोठी संख्या, अपुरा वेळ आणि वस्तूंची सुरक्षितता या शिक्षकांच्या अडचणी खऱ्या आहेत. 'हात लावू नका' हा नियमही जतनाच्या दृष्टीने आवश्यकच होय. तथापि यावर घाई हा उपाय नसून निवड हा उपाय आहे. घरातील जुना अडकित्ता किंवा समई आधी वर्गात हाताळू द्यावी. संग्रहालयात तीनच वस्तूंसमोर मुलांना बसवावे. पाटी उतरवून घेण्याऐवजी वस्तूचे चित्र काढू द्यावे. चित्र काढताना पाहणे अटळ ठरते.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाच्या आवारात २०१९ मध्ये स्वतंत्र बालसंग्रहालय सुरू झाले, हे स्वागतार्हच आहे. मात्र त्यामुळे मुख्य दालने केवळ प्रौढांची, असा समज रूढ होऊ नये.

निष्कर्ष :
संग्रहालयभेटीचे यश पाहिलेल्या दालनांच्या संख्येवर मोजणे अशास्त्रीय आहे. 'तू कोणत्या वस्तूपाशी थांबलास आणि का?' हा प्रश्न सहलीच्या अहवालात आला पाहिजे. भावी शिक्षक घडविणाऱ्या महाविद्यालयांनी याचा प्रारंभ स्वतःच्या सहलींपासून करावा. कारण ज्या शिक्षकाला स्वतः थांबून पाहण्याची सवय नाही, तो मुलाला थांबू देणार नाही.