पानिपतच्या सांकेतिक पत्राची भाषा

ता. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर झालेल्या संहाराची वार्ता नानासाहेब पेशव्यांस एका सावकारी पत्रावरून कळली, असें परंपरा सांगते. त्या पत्रांत विश्वासराव व सदाशिवरावभाऊ यांस मोत्यांची, सरदारांस मोहरांची व शिपाईगड्यांस रुपये-खुर्द्याची संज्ञा आहे. या रूपकाची काव्य म्हणून प्रशंसा होत आली. ती आम्हांस अस्थानीं वाटते. पत्र पेढीवरच्या माणसाचें. हुंडी, जासूद व जमाखर्च हा त्याचा नित्याचा व्यवहार; पत्र शत्रूच्या हातीं पडलें तरी तें व्यापारी तोट्याचेंच भासावें, ही त्याची निकड. पेशा व प्रसंग यांनींच त्यास हें रूपक सुचविलें.

परंतु एक गोष्ट गुप्ततेच्या गरजेनें उलगडत नाहीं. मोत्यें व मोहरा मोजल्या आहेत. खुर्द्याची मात्र गणती नाहीं. रणांत पडलेल्या हजारोंची मोजदाद त्या समयीं अशक्य होती, हें मान्य. तथापि त्यांस खुर्दा म्हणतांना लिहिणाराची लेखणी अडखळली नाहीं, व वाचणारासही अर्थ तत्काळ उमगावा, ही त्याची खात्री होती. दर्जावरून माणसाचें मोल ठरविणाऱ्या समाजाचें मन येथें नकळत बोलून गेलें आहे. अभ्यासकांनीं या पत्रांत शोधावयाचें तें हेंच.