वाद्यवृंदाचा नवा संचालक आणि समाजाची प्रतिक्रिया : झुबिन मेहता व मुंबईच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या वाद्यवृंदावर नवा संचालक नेमला गेला की श्रोते, वादक आणि वृत्तपत्रे यांच्यात प्रतिक्रिया उमटते. ती संगीताविषयी कितपत असते आणि इतर गोष्टींविषयी कितपत, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विषय दूरचा वाटण्याचा संभव आहे. जालना जिल्ह्यातील राजूरसारख्या गणपतीच्या गावी ‘ऑर्केस्ट्रा’ या शब्दाचा अर्थ अगदी निराळा आहे. यात्रा-उत्सवात रात्री होणारा चित्रपटगीतांचा कार्यक्रम म्हणजे ऑर्केस्ट्रा. त्यात गायक असतो, निवेदक असतो, की-बोर्डवाला असतो. परंतु श्रोत्यांकडे पाठ करून उभा राहणारा आणि संपूर्ण कार्यक्रमात एकही स्वर न काढणारा मनुष्य त्यात नसतो. तसा कोणी उभा राहिलाच तर आयोजक त्याला बिदागी कशाबद्दल द्यायची असे विचारतील, आणि तो प्रश्न अगदीच अडाणीपणाचा ठरणार नाही.

तरीही हा विषय आपला आहे, असे म्हणण्यास दोन कारणे आहेत. विसाव्या शतकातील जगद्विख्यात संचालकांपैकी झुबिन मेहता हे २९ एप्रिल १९३६ रोजी मुंबईत जन्मले. त्यांचे वडील मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्राची स्थापना केली होती. दुसरे असे की, २००६ पासून मुंबईत नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स (एनसीपीए) या संस्थेने सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा व्यावसायिक वाद्यवृंद चालविला आहे. मेहता यांच्या परदेशातील नेमणुकांचा आपण अभिमान बाळगतो. मुंबईतील नेमणुकांचे मात्र आपल्याला सोयरसुतक नसते. ही विसंगती या लेखाच्या केंद्रस्थानी आहे.

संचालकाचे काम आणि श्रोत्याची अडचण

संचालकाचे खरे काम तालमीत होते. कोणती रचना घ्यावी, लय किती ठेवावी, पितळी वाद्यांनी तंतुवाद्यांना झाकू नये म्हणून आवाजाचे प्रमाण कसे राखावे, हे बहुतांशी आधीच ठरलेले असते. प्रत्यक्ष मैफलीत श्रोत्याला दिसते ती त्याची पाठ आणि हातातील छडी. नेमणूक जाहीर होते तेव्हा तर त्याने या वाद्यवृंदाकडून काय वाजवून घेतले हे ऐकण्याची संधी फारशी कोणालाच मिळालेली नसते. मग प्रतिक्रिया जे दिसते त्याचा आधार घेते : वय, देश, लिंग, पूर्वायुष्य आणि नेमणुकीची पद्धत. नव्या संचालकाविषयीचा कोलाहल हा बहुधा न ऐकलेल्या संगीताविषयीचा असतो. परंतु एवढ्यावरून तो निरर्थक ठरतो काय? प्रस्तुत लेखकाच्या मते ठरत नाही. कारण त्या कोलाहलामागे ‘हा वाद्यवृंद कोणाचा?’ हा एक खरा प्रश्न उभा असतो.

हा प्रश्न मराठी मनाला अपरिचित नाही. माउलींच्या पालखी सोहळ्यात मुक्कामाच्या तळावर समाजआरती होते. सर्व दिंड्या पालखीभोवती उभ्या असतात, टाळमृदंगाचा गजर टिपेला पोहोचलेला असतो. चोपदार आपला दंड उंचावतो आणि क्षणार्धात सर्वत्र शांतता पसरते. स्वतः काही न वाजवता केवळ उंचावलेल्या दंडाने असंख्य वादकांना आवरणारी व्यक्ती आपल्या परंपरेत आहे ती ही. मात्र त्या शांततेतही एखाद्या दिंडीचे टाळ वाजतच राहतात. वाजत राहणे याचा अर्थ त्या दिंडीची काही तक्रार आहे. चोपदार तिकडे जातो, गाऱ्हाणे ऐकून घेतो, आणि मग आरती होते. चोपदारकी परंपरेने चालत आलेली असल्यामुळे नेमणुकीचा वाद तेथे नसतो. परंतु दंड उंचावल्यावरही टाळ वाजवत राहण्याचा अधिकार दिंडीला असतो. सोहळा आपला आहे असे मानणाराच असे करू शकतो. वाद्यवृंदांच्या जगातील प्रतिक्रियांकडे याच दृष्टीने पाहणे उपयुक्त ठरते.

मेहतांच्या नेमणुका : तेथील आणि येथील

व्हिएन्नात हान्स स्वारोव्हस्की यांच्याकडे शिकलेले मेहता १९५८ मध्ये लिव्हरपूल येथील संचालकांच्या स्पर्धेत पहिले आले. पुढे माँट्रियल आणि लॉस एंजेलिस या दोन्ही ठिकाणी आजारी संचालकांच्या जागी ऐनवेळी उभे राहून त्यांनी छाप पाडली. लॉस एंजेलिसच्या वाद्यवृंदासाठी त्यावेळी जॉर्ज शोल्टी यांची निवड होऊन चुकली होती. त्यांना न विचारता व्यवस्थापनाने मेहता यांना सहायक संचालक नेमले आणि १९६१ मध्ये शोल्टी यांनी पद सोडले. त्यांचा आक्षेप मेहतांच्या योग्यतेवर नव्हता, नेमणुकीच्या रीतीवर होता. १९६२ मध्ये वयाच्या २६ व्या वर्षी मेहता त्या वाद्यवृंदाचे संगीत संचालक झाले. माँट्रियलचे पदही त्यांच्याकडेच असल्यामुळे उत्तर अमेरिकेतील दोन वाद्यवृंद एकाच वेळी सांभाळणारे ते पहिले संचालक ठरले. तारुण्य आणि दोन पदे याविषयी आज क्लाउस मॅकेला या फिनिश संचालकाबाबत जे बोलले जाते ते पाहता हा इतिहास लक्षात घेण्यासारखा आहे. शिकागो सिंफनीने एप्रिल २०२४ मध्ये मॅकेला यांची निवड जाहीर केली तेव्हा ते २८ वर्षांचे होते आणि ॲमस्टरडॅमच्या कॉन्सर्टखबाउ वाद्यवृंदानेही त्यांना आधीच निवडले होते. दोन्ही पदे २०२७ पासूनची. लॉस एंजेलिसमध्ये मेहता १९७८ पर्यंत राहिले, म्हणजे १६ वर्षे. शंकेचे उत्तर त्यांना कामातून देता आले.

न्यूयॉर्कचे प्रकरण अधिक बोधक आहे. १९६७ च्या सुमारास लिओनार्ड बर्नस्टाईन यांच्या नंतर कोण, अशी चर्चा चालू असता मेहतांनी न्यूयॉर्क फिलहार्मोनिकच्या वादकांविषयी अनुदार उद्गार काढले. वादकांच्या संघटनेने त्याबद्दल जाब विचारला आणि मेहतांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. त्याच वाद्यवृंदाचे ते १९७८ मध्ये संगीत संचालक झाले व १९९१ पर्यंत राहिले. या १३ वर्षांत न्यूयॉर्कच्या समीक्षकांनी त्यांना क्वचितच सुखाने नांदू दिले. लॉस एंजेलिसहून आलेला झगमगाट असा शेरा त्यांच्या पाठीस लागला. हा शेरा संगीताविषयी कमी आणि त्या शहराच्या सांस्कृतिक अहंकाराविषयी अधिक होता असे आम्हांस वाटते. मात्र त्या अहंकारात आपलेपणाही होता. आमचा वाद्यवृंद, म्हणून आमचा आक्षेप.

आता येथील प्रतिक्रिया पाहू. भारत सरकारने मेहतांना १९६६ मध्ये पद्मभूषण आणि २००१ मध्ये पद्मविभूषण दिले. त्यांच्याविषयीच्या मराठी लेखनाचा सूर सामान्यतः ‘अटकेपार झेंडा’ हाच राहिला. गुजराती मातृभाषेचा पारशी मुंबईकर ‘आपला’ ठरतो ही आनंदाची गोष्ट आहे. भारतीय नागरिकत्वही त्यांनी सोडले नाही. परंतु त्यांनी ब्रुकनर कसा वाजवून घेतला, महलरच्या सिंफनीत त्यांची लय कशी असते, याची चर्चा अभिमानाच्या या लेखनात शोधावी लागते. अभिमानाला तपशिलाची गरज पडत नाही, असेच म्हणावे लागेल. इस्रायल फिलहार्मोनिकचे उदाहरण घ्या. १९६९ मध्ये मेहता तिचे संगीत सल्लागार, १९७७ मध्ये संगीत संचालक व १९८१ मध्ये आजीव संचालक झाले. २०१९ मध्ये ते निवृत्त झाले. भारत आणि इस्रायल यांच्यात पूर्ण राजनैतिक संबंध प्रस्थापित झाले ते १९९२ मध्ये. म्हणजे ज्या राष्ट्राशी आपले पूर्ण संबंध नव्हते त्याच्या प्रमुख वाद्यवृंदाच्या शिरोभागी एक मुंबईकर दोन दशकांहून अधिक काळ होता. या नेमणुकीवर येथे तीव्र वाद व्हायला हवा होता असे आमचे म्हणणे नाही. पण ती विचारार्ह आहे एवढेही फारसे कोणास वाटलेले दिसत नाही. हार घालणाऱ्याला प्रश्न विचारता येत नाहीत.

आक्षेपांची प्रतवारी

सर्व आक्षेप एका मापाने मोजता येत नाहीत. तोस्कानिनी यांच्यानंतर १९३६ मध्ये न्यूयॉर्कने विल्हेल्म फुर्टव्हेंगलर यांना पाचारण केले. नाझी जर्मनीत राहून काम करणारा संचालक नको, असा विरोध झाला आणि त्यांनी माघार घेतली. महायुद्धानंतर शिकागोच्या वाद्यवृंदाने त्यांना निमंत्रण दिले तेव्हा होरोव्हिट्झ, रुबिनस्टाईन, हायफेट्झ आदी कलावंतांनी या वाद्यवृंदासोबत वाजविणार नाही असे सांगितले. १९४९ मध्ये तो बेत रद्द झाला. यहुदी मेन्युहिन यांनी मात्र फुर्टव्हेंगलर यांची बाजू घेतली. येथे कोणीच त्यांच्या संगीतातील योग्यतेवर शंका घेतली नव्हती. ‘संगीत राजकारणाच्या वर असते’ हे वाक्य अशा वेळी फार सोपे असते. ज्यांचे आप्त छळछावण्यांत गेले त्यांना छडी धरणारा हात कोणाच्या राज्यात कोणासमोर चालला, हे विचारण्याचा अधिकार होता असे आम्ही मानतो. मग उत्तर मेन्युहिनसारखे आले तरी.

बाल्टिमोरचा प्रसंग वेगळ्या जातीचा. जुलै २००५ मध्ये तेथील नियामक मंडळाने मॅरिन ऑल्सॉप यांची निवड केली. बहुसंख्य वादकांचे मत शोध आणखी चालू ठेवावा असे होते, ते बाजूला सारण्यात आले. एका मोठ्या अमेरिकन वाद्यवृंदाच्या प्रमुखपदी प्रथमच स्त्री येत होती, त्यामुळे वादकांची हरकत पुरुषी पूर्वग्रहाची म्हणून वाचली गेली. वादक म्हणत होते की आम्हांला विचारले नाही. दोन्ही बाजूंत तथ्य असावे. प्रक्रियेची तक्रार ही पूर्वग्रहाला सोयीचे वस्त्र ठरू शकते, आणि पूर्वग्रहाचा आरोप हा प्रक्रियेतील दोष झाकू शकतो. ऑल्सॉप यांनी २००७ मध्ये सूत्रे घेतली व २०२१ पर्यंत सांभाळली. बर्लिनमध्ये वादक स्वतः मतदान करतात, म्हणून ही तक्रार तेथे उद्भवत नाही. पण मे २०१५ मध्ये दिवसभर चर्चा होऊनही त्यांचे एकमत झाले नाही, आणि जूनमध्ये किरिल पेत्रेंको निवडले गेले तेव्हा त्यांच्या यहुदी वंशाचा उल्लेख जर्मन प्रसारमाध्यमांत अशा रीतीने झाला की त्यावरच वादळ उठले. वादकांनी निवडले तरी समाजाच्या प्रतिक्रियेतील गाळ वर येतोच.

मुंबईतील मौन

आपल्याकडे वाद्यवृंद नव्हते, म्हणून प्रतिक्रिया नव्हती, असे म्हणता येणार नाही. आकाशवाणीच्या वाद्यवृंदाचे संचालन रविशंकर यांनी केले आणि १९५६ मध्ये ते दिल्ली सोडून गेल्यावर ती जबाबदारी बासरीवादक पन्नालाल घोष यांच्याकडे आली. दोघेही पहिल्या प्रतीचे कलावंत. तरी त्या काळातील श्रोत्यांचा रोष ओढवला तो नभोवाणीमंत्री बा. वि. केसकर यांच्या चित्रपटगीतविषयक धोरणाने. श्रोत्यांनी सुई रेडिओ सिलोनकडे वळविली. वाद्यवृंद कोणाच्या हाती आहे याची चिंता कोणी केली नाही, कारण तो सरकारचा होता.

चित्रपटसृष्टीत तर संचालकाचे अस्तित्वच पडद्याआड होते. मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत मोठ्या वाद्यमेळापुढे उभे राहणारे अनेक जण गोव्याचे होते. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांमागे सेबॅस्टियन डिसूझा होते. प्यारेलाल यांचे गुरू अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये भारतीय आणि पाश्चात्त्य वादकांचा वाद्यवृंद उभारून लता मंगेशकर व मन्ना डे यांच्यासह कार्यक्रम केला. १९७७ च्या एका चित्रपटगीतामुळे त्यांचे नाव घरोघरी पोहोचले. ते एका हयात संगीतकाराचे नाव आहे हे मात्र फार थोड्यांना ठाऊक होते. ज्याचे नाव श्रेयनामावलीत नाही, त्याच्या नेमणुकीवर प्रतिक्रिया कोठून येणार?

या पार्श्वभूमीवर एनसीपीएचे उदाहरण पाहावे लागते. ही संस्था १९६९ मध्ये स्थापन झाली. पु. ल. देशपांडे आणि अशोक दा. रानडे यांच्यासारख्या मराठी जाणकारांनी तेथे काम केले. असे असूनही तिच्या वाद्यवृंदाविषयीचा विचार मराठीत झाला नाही. कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मारात बिसेनगालिएव्ह हे स्थापनेपासून त्याचे संगीत संचालक. आरंभी वादकही मोठ्या संख्येने कझाकस्तानमधून आले. ‘ऑफ इंडिया’ असे नाव आणि भारतीय वादक थोडे, अशी टीका इंग्रजी वर्तुळात झाली व ती योग्यच होती. ती टीका संचालकाच्या नेमणुकीपर्यंत पोहोचली नाही. पुढे ब्रिटिश संचालक मार्टिन ब्रॅबिन्स यांना या वाद्यवृंदाचे प्रमुख संचालकपद देण्यात आले. हेच ब्रॅबिन्स ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लिश नॅशनल ऑपेराच्या संगीत संचालकपदाचा राजीनामा देऊन बाहेर पडले होते, कारण तेथील व्यवस्थापनाने वाद्यवृंदातील नोकऱ्या कमी करण्याचे ठरविले होते. वादकांच्या पोटाच्या प्रश्नावर पद सोडणारा संचालक मुंबईत आला, ही घटना मराठी नियतकालिकांत चर्चिली गेल्याचे निदान आमच्या पाहण्यात नाही.

एनसीपीएने २०१२ मध्ये मुलांसाठी संगीत प्रशिक्षणाची शाळा सुरू केली. नव्या संचालकासमोर बसणाऱ्या वादकांत या शाळेतून आलेले किती, त्यांना वाद्यवृंदात जागा देणे त्याच्या करारात आहे काय, भारतीय रचनाकारांच्या नव्या कृती तो किती घेणार आणि त्याची निवड करताना वादकांना विचारले होते काय, हे प्रश्न विचारण्यासाठी सिंफनीचे व्याकरण यावे लागत नाही. बाल्टिमोरच्या वादकांनी यांतील शेवटचा प्रश्न विचारला होता. टाळ वाजवत उभी राहिलेली दिंडी आपल्या सोहळ्यात तशाच अधिकाराने तक्रार मांडते.