लीलेची मागची बाजू

रामलीला पाहताना नजर रामाकडेच जाते. ती तिथेच जावी आणि तिथून हलू नये, यासाठी पडद्यामागे एक माणूस दुपारपासून राबत असतो. आरतीत त्याचे नाव नसते आणि तो स्वतःही ते घेत नाही. कवितेचे रसग्रहण ओळीओळीने करतात, तसे त्याचे काम एकदा नीट वाचावे, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे.

हिंगोलीत हे वाचन करायला जागा आहे. खाकीबाबा मठाशी जोडलेला इथला दसरा दीडशे वर्षांहून जुना आहे आणि ज्या मैदानावर रावण जळतो, त्याचे नावच रामलीला मैदान. निजामाच्या काळात हिंगोली ही हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. छावणीबरोबर उत्तरेकडची माणसे आली असतील आणि माणसांबरोबर त्यांची बोली, त्यांचे उत्सवही. म्हणूनच नामदेवांच्या नर्सीपासून फार लांब नसलेल्या या गावात तुलसीदासांच्या अवधी चौपाया कुणाला परक्या वाटत नाहीत. शब्द सगळेच कळतात असे नाही, पण आपण कुठल्या प्रसंगापाशी आलो आहोत, हे पोराटोरांनाही कळते.

आता आत, रंगपटात चला. राम, लक्ष्मण आणि सीता होणाऱ्या मुलांना रामलीलेच्या परंपरेत पात्र म्हणत नाहीत, ‘स्वरूप’ म्हणतात. त्यांना सजवण्याच्या कामाला मेकअप न म्हणता शृंगार म्हणतात, जसा देवळातल्या मूर्तीचा असतो. मूल समोर बसलेले असते, डोळे मिटून, मान स्थिर ठेवून. चंदनाचा लेप, भुवयांच्या वरून गालांपर्यंत ठिपक्यांची नक्षी, कपाळावर टिळा, डोळ्यांत काजळ, चमकत्या टिकल्या. मूल जांभई देते तेव्हा हात थांबतो. घाम आला की तो टिपून पुन्हा त्याच ठिपक्यापासून सुरुवात. या कामात घाई चालत नाही, कारण लांब बसलेल्या माणसाला ठिपके दिसणार नसले तरी त्यांचे तेज दिसायचे असते.

सगळ्यात शेवटी मुकुट. लीला सुरू होण्याआधी मुकुटाची पूजा होते. तो डोक्यावर चढला की मूल मूल राहत नाही. आतापर्यंत “हलू नकोस रे बाळा” म्हणणारा माणूस मुकुटाची गाठ मारतो, एक पाऊल मागे सरतो आणि त्याच मुलाच्या पायांवर डोके ठेवतो. साऱ्या रामलीलेत मला सर्वांत मोठे वाटणारे दृश्य हेच आहे, आणि ते रंगमंचावर कधीच येत नाही. प्रेक्षकांना राम तयार दिसतो. या माणसाने तो थेंबाथेंबाने घडताना पाहिलेला असतो. कोणता ठिपका वाकडा गेला, मुकुटाच्या आत कापडाची किती घडी घातली आहे, हे सगळे त्याला ठाऊक असते. तरीही तो नमस्कार करतो. आपण न बघितल्यामुळे विश्वास ठेवतो; तो सगळे बघून ठेवतो. त्याच्या भक्तीचा कस आपल्यापेक्षा जास्त आहे, असे मला मनापासून वाटते.

याच जिल्ह्यात औंढा नागनाथ आहे. देवळासमोर कीर्तन करू दिले नाही म्हणून नामदेव मागच्या बाजूला जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, अशी कथा इथे लहान मुलेही सांगतात. खूण म्हणून नंदी देवळाच्या मागे बसलेला दाखवतात. रंगपटातला तो नमस्कार पाहताना मला ही कथा आठवते. देवाला मागची बाजू वर्ज्य नाही, हे औंढ्याने फार पूर्वीच सांगून ठेवले आहे.

ही समज फक्त रामलीलेची नाही. कोकणातल्या दशावतारात कपडेपट, दागिने आणि गणपतीचा मुखवटा ज्या पेटाऱ्यात असतो, त्या पेटाऱ्यालाच देवाचा मान असतो. पूर्वी हे पेटारे डोक्यावर घेऊन मंडळी एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेला पायी जात. ओझे वाहणारा त्या काळात नुसता हमाल नसे. देव त्याच्या डोक्यावर असे. दशावतारी नट मात्र आपला चेहरा आरसा समोर धरून स्वतःच रंगवतो. रामलीलेतल्या लहान मुलाला ते जमत नाही. म्हणून इथे दुसऱ्याचे हात लागतात, आणि त्या हातांमुळेच या कामाला पूजेचे रूप येते.

सामान सांभाळणाऱ्याची कला वेगळी, पण तितकीच बारीक. धनुष्यभंग घ्या. ते धनुष्य रावणाने ओढले, राजांनी हिसडले, तरी हलता कामा नये आणि रामाने हात लावताच मोडले पाहिजे. म्हणजे बांबूच्या त्या कमानीत मधोमध असा सांधा हवा की जो दणकट तर असेल, पण एका विशिष्ट दाबाने सुटेल. वरून रंगीत कागद, बेगड, जर. गाठ ढिली राहिली तर धनुष्य रावणाच्याच हातात मोडायचे आणि जनकाची प्रतिज्ञा तिथेच संपायची. फार आवळली तर दहा-बारा वर्षांचा राम सगळ्या मैदानासमोर घामाघूम व्हायचा. शिवधनुष्याचे सगळे वजन त्या एका गाठीवर आलेले असते. 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केले आणि मराठी रंगभूमी सुरू झाली, हे आपण शाळेपासून पाठ करतो. त्या नाटकाच्या नावातच असे एक धनुष्य आहे, पण त्याचा सांधा कोणी बांधला असेल, असा प्रश्न कोणताही शिक्षक विचारत नाही.

वनवासाच्या प्रसंगात कपडेपट सांभाळणाऱ्याची खरी परीक्षा असते. जो शृंगार करायला तास गेले, तो थोडक्या वेळात उतरवायचा असतो. जरीचा अंगरखा काढून वल्कले, मुकुट उतरवून जटा. चेहऱ्यावरची नक्षी मात्र पुसत नाहीत, आणि हे फार शहाणपणाचे आहे. राज्य गेले तरी रामपण गेले नाही, हे सांगायला व्यासपीठावर कुणी एक शब्दही बोलत नाही. चेहरा तेवढा तसाच राहतो. मैदानात बायका पदर डोळ्यांना लावतात तो याच क्षणी. त्यांना रडवणारा माणूस त्या वेळी पडद्यामागे उतरवलेला अंगरखा घडी करून ठेवत असतो, कारण तो राज्याभिषेकाला पुन्हा लागणार असतो.

आणि भरतभेट. या प्रसंगाकडे सामानवाल्याच्या डोळ्यांनी पाहिले तर अंगावर काटा येतो. सगळ्या रामकथेत, नाटकवाले ज्याला ‘प्रॉपर्टी’ म्हणतात, अशी एक वस्तू सिंहासनावर बसते. लाकडी पादुका. त्यांना संवाद नाही, हालचाल नाही, तरी भरत त्यांच्यापुढे बसतो आणि अयोध्येचे राज्य चौदा वर्षे त्यांच्या नावाने चालते. वस्तू माणसाची जागा घेऊ शकते, ती धरणाऱ्याने श्रद्धेने धरली तर, हे वाल्मीकीने आणि तुलसीदासाने कथेतच मांडून ठेवले. पडद्यामागचा माणूस रात्र-रात्र हेच तर करत असतो. बांबूचे धनुष्य होते, कापडाची शेपटी होते, कागदाचा रावण होतो.

त्या पादुका रामाच्या पायांतून निघून भरताच्या डोक्यावर जातात आणि प्रसंग संपला की सामानवाल्याकडे परततात. त्यानंतर वनवासभर राम अनवाणी, त्यामुळे मधल्या लीलांमध्ये त्या लागत नाहीत. पण रावण जळल्यावर भरत पुन्हा भेटतो आणि त्या वेळी त्या हातात हव्यातच. तोवर सामानवाला त्या कापडात गुंडाळतो आणि मुकुटाच्या पेटीत ठेवतो, बाकीच्या जोड्यांत मिसळू देत नाही.