आंतरजालावरील पदार्थविज्ञान : परिभाषेचा प्रश्न

पदार्थविज्ञान मराठीतून शिकण्यास साधने नाहीत, ही तक्रार आता पूर्वीच्या स्वरूपात टिकत नाही. पुण्याच्या पश्चिमेस, पौड रस्त्यावरील भूगावच्या (ता. मुळशी) विद्यार्थ्यालाही बालभारतीची क्रमिक पुस्तके, मराठी विश्वकोशातील नोंदी, कोलोरॅडो विद्यापीठात २००२ साली आरंभलेल्या ‘फेट’ प्रकल्पातील सदृशीकरणांची मराठी रूपे आणि अरविंद गुप्ता यांच्या वैज्ञानिक खेळण्यांच्या चित्रफिती आंतरजालावर विनामूल्य मिळतात. प्रश्न आता विपुलतेचा नसून, ही साधने शिकणाऱ्याशी एका भाषेत बोलतात काय, हा आहे.

बालभारती ज्यास ‘त्वरण’ म्हणते, त्यास विश्वकोशाच्या नोंदींत ‘प्रवेग’ म्हटलेले आढळते. तेथील ‘वस्तुमान’ येथे ‘द्रव्यमान’ होते. दोन्ही संज्ञा व्युत्पत्तीच्या दृष्टीने समर्थनीय आहेत. ‘प्रवेगा’त तर वेगाशी असलेले नाते उघड दिसते. जाणकारास हे केवळ पर्याय वाटतात. परंतु व्यवहारात समानार्थी असलेले ‘चाल’ आणि ‘वेग’ हे शब्द शास्त्रात भिन्न आहेत, हाच या विषयाचा पहिला धडा होय. तो नीट शिकलेल्या विद्यार्थ्याने ‘त्वरण’ आणि ‘प्रवेग’ यांतही भेद कल्पिला, तर तो दोष त्याचा नव्हे. शिवाय छापील ग्रंथ चाळता चाळता अपेक्षित मजकूर हाती लागे. आंतरजालावर शब्द हेच प्रवेशद्वार असल्यामुळे एका संज्ञेने शोध घेणारा दुसऱ्या संज्ञेखालील नोंदीस सहसा मुकतो.

‘फेट’चे सामर्थ्य निराळे आहे. पडद्यावरील घर्षण शून्य केले, की ढकलणे थांबल्यावरही खोके सरकतच राहते. मराठी व्यवहारात मात्र ‘जोर संपला म्हणून गाडी थांबली’ असे म्हणतात. म्हणजे गती टिकण्यास बल लागते, हा समज वाक्यरचनेतच मुरलेला असतो. सदृशीकरण त्यास धक्का देते, पण त्याचे निराकरण करीत नाही. भाषांतर प्रायः सुट्या नामांचे होते. ‘बल’, ‘घर्षण’, ‘चाल’ या नामांना जोडणारे विधान शिक्षकालाच घडवावे लागते.

गुप्ता यांच्या चित्रफिती परिभाषेचा हा भार बहुतांशी टाळतात, हे त्यांचे यश आहे आणि मर्यादाही. सेफ्टी पिना, विद्युत्घट, चुंबक आणि लेपयुक्त तांब्याची तार यांतून फिरणारे यंत्र सिद्ध होते. तारेच्या टोकांचा लेप खरवडताना एक बाजू राखावयाची असते, ही कृती डोळ्यांस दिसते. तो लेप पूर्ण खरवडला तर अर्ध्या फेऱ्यानंतर बलयुग्म उलट दिशेने कार्य करू लागेल. राखलेला लेप त्या काळापुरता प्रवाह तोडतो आणि वेटोळे जडत्वाने पुढे जाते, हे कारण मात्र दिसत नाही. ते वाक्यांतूनच सांगावे लागते.

तात्पर्य, नव्या साधनांची भर घालण्यापूर्वी उपलब्ध साधनांत सांधा निर्माण करणे अगत्याचे आहे. प्रत्येक नोंदीच्या शिरोभागी पर्यायी संज्ञा आणि प्रत्येक सदृशीकरणासोबत दहा-बारा सुघड मराठी विधाने, एवढे कार्य भाषा व पदार्थविज्ञान या दोन विभागांच्या सहकार्याने सहज होण्याजोगे आहे. अकरावीपासून विज्ञानाचे अध्यापन प्रायः इंग्रजीतून होत असल्याने मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यास कल्पना स्वभाषेत पक्की करण्यास दहावीपर्यंतचाच अवधी मिळतो. तो संज्ञांच्या गोंधळात खर्ची पडणे परवडणारे नाही.